ओजस ओहायोला असतो

"म्हणजे निरुताई, आता मराठी माणसांनी गांजाला मत द्यायचं?" प्रभाकर चांदोरकरांनी सोफ्यावर टेकायच्या आधीच विचारलं.

"गांजाला नाही, गांजावरच्या कराला," मी म्हटलं. "आधी बसा तर खरं."

ते बसले. शेजारी त्यांची बायको मृणाल बसली आणि समोरच्या खुर्चीत डॉक्टर अनघा सबनीस. ऑक्टोबरातला रविवार होता, दुपारची वेळ. बाहेर मेपलची पानं अंगणभर पसरली होती आणि प्रत्येक घरापुढे निवडणुकीच्या पाट्या रोवलेल्या होत्या. त्या वर्षी आमच्या राज्यात लोकांना एक जादा प्रश्न विचारला होता. गांजाच्या विक्रीला परवानगी द्यावी का, दुकानांना लायसन्स देऊन त्यांच्यावर कर बसवावा का, हो की नाही. त्याच प्रश्नात खाली एक छोटं कलम होतं. ज्यांच्यावर थोडासा गांजा जवळ बाळगल्याची केस झालेली आहे, त्यांची नोंद पुसून टाकावी.

सगळ्या राज्याला वरचा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. मला फक्त खालचं कलम हवं होतं. कारण ज्याची नोंद पुसायची होती तो माझा मुलगा ओजस त्या क्षणी आमच्या पायाखाली, बेसमेंटमध्ये बसला होता. जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीतून वरचा शब्द न् शब्द खाली ऐकू जातो हे मला माहीत होतं. गावाच्या लेखी मात्र ओजस ओहायोला होता, कुठल्यातरी रिसर्च प्रोजेक्टवर. खरं म्हणजे तो फार्मसीच्या चौथ्या वर्षाला असताना हे झालं. पोलिसांनी रस्त्यात गाडी थांबवली, खणात पुडी सापडली आणि केस झाली. राज्याच्या फार्मसी बोर्डाने इंटर्नशिपची परवानगी नाकारली, कॉलेजने नाव काढलं. आता तो एका गोदामात खोकी भरायचा आणि गाडी घरामागे, कुणाला दिसणार नाही अशी लावायचा. नोंद पुसली गेली की बोर्डाकडे पुन्हा अर्ज करता येणार होता. एवढाच धागा होता आणि तो त्या रविवारी या तिघांच्या हातात होता.

आमच्या गावात मराठी घरं पुष्कळ, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांनी टाकलेला निरोप म्हणजे वरून आलेला हुकूम. कुठल्या दुकानात हापूस आला इथपासून ते शाळेच्या बोर्डावर कुणाला निवडायचं इथपर्यंत सगळं चांदोरकर सांगायचे आणि लोक ऐकायचे. चांदोरकरांची तीन मोटेलं होती. ज्याची तीन मोटेलं, त्याला सगळंच कळतं अशी आमच्या लोकांची भाबडी समजूत आहे.

आणि चांदोरकर कुणाचं ऐकायचे, तर कराच्या बाबतीत माझं. यशवंत, माझे यजमान, गेल्यापासून मी घरीच लोकांचे टॅक्स भरून द्यायचे. फेब्रुवारी उजाडला की जेवणाच्या टेबलावर कागदांचे ढीग पडायचे. आपल्या माणसांकडून फी घ्यायची नाही हा माझा हट्ट. मग लोक डबे आणायचे. पुरणपोळ्या, अळूवड्या, सुरळीच्या वड्या, कुणी चकलीची भाजणी. माझा फ्रीझर एप्रिलपर्यंत गच्च भरायचा. डबा परत करताना मी तो कधी रिकामा दिला नाही. माझ्या आईची तशी शिस्तच होती, घरात काही नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामा डबा हातात देणं म्हणजे पुन्हा येऊ नका असं सांगणं, असं ती म्हणायची.

त्या दिवशीही मृणालने चिरोट्यांचा डबा आणला होता. जाड स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. हा डबा तिच्या लग्नातला, सातासमुद्रापलीकडे आलेला, त्याचं तिला फार कौतुक.

"सांगा आता," चांदोरकर म्हणाले. "मला पटवून द्या. मी कोऱ्या मनाने आलोय."

त्यांचं मन कधी कोरं नसायचं.

"तुमचा प्रॉपर्टी टॅक्स या वर्षी किती वाढला?"

"तुम्हीच तर भरलात! बोंब मारायची वेळ आली होती."

"पुढच्या वर्षीही वाढणार आहे. शाळेला पैसे हवेत, रस्ते उखडलेत. गाव ते आणणार कुठून? तुमच्या-माझ्या घरांतून. आता मला सांगा, या गावात आज गांजा मिळत नाही का?"

"मिळतो की," अनघा म्हणाली. "हायस्कूलच्या पार्किंगमध्ये मिळतो."

"मिळतो ना? मग त्या विकणाऱ्याने आजवर गावाला एक पैसा दिलाय? रस्त्याचा खड्डा तरी बुजवलाय? लोक ओढतायत, पैसे मोजतायत, आणि ते सगळे त्याच्या खिशात जातायत. उद्या दुकानाला लायसन्स दिलं तर माल तपासलेला येईल, एकवीसच्या खालच्याला दारात उभं करणार नाहीत आणि प्रत्येक विक्रीमागे कर मिळेल. त्यातला वाटा गावाला."

"मग माझा टॅक्स कमी होईल?"

"कमी होईल असं मी सांगणार नाही. तसं सांगणाऱ्याच्या नादाला लागू नका. वाढायचा तो कमी वाढेल, एवढंच."

चांदोरकरांनी मान हलवली. त्यांना थापा कळायच्या, कारण त्या मारायची त्यांना सवय होती.

"पण निरुताई, आपले संस्कार?" मृणाल म्हणाली. "आपण मंडळात मुलांना मनाचे श्लोक शिकवतो, आणि मंडळानेच सांगायचं गांजाला हो म्हणा?"

"मृणाल, तुझ्या बेसमेंटमधला बार मी पाहिलाय. चांगला सागवानी आहे. त्याच्यासमोरच देवघर आहे."

चांदोरकर खो खो हसले. "अहो, ती स्कॉच आहे!"

"कर भरून आणलेली. तेच म्हणतेय मी."

"शिवाय कॉलेजात होळीला आम्ही भांग घेतलीच होती की," चांदोरकर आता खुशीत आले. "दिवसभर एकाच जिन्यावरून चढ-उतर करत होतो. पण ते वेगळं हो. ते आपलं पारंपरिक."

मीही हसले. मासा गळाला लागत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, आलं किसून टाकलं, दूध घातलं आणि परत येऊन बसले. तेवढ्यात मृणालने पर्समधून प्रचाराचं पत्रक काढलं होतं. चष्मा लावून ती खालचं कलम वाचत होती.

"आणि हे काय मेलं? जुने गुन्हे माफ? हे कशाला?"

"माफ नाही. नोंद पुसायची. उद्यापासून जो गुन्हाच राहणार नाही, त्याची शिक्षा कालच्या पोरांनी जन्मभर का भोगायची?"

"कारण काल तो गुन्हा होता!" चांदोरकर म्हणाले. "कायदा मोडला ना? मग भोगा. मला दुकान चालेल, कर तर चालेलच चालेल. पण ही असली पोरं धुऊन-पुसून आपल्या मुलांच्या शेजारी आणून बसवायची, हे नाही चालणार."

"या पोरांना नोकरी मिळत नाही. नोकरी नाही म्हणजे ती कर भरत नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच सपाट लागला. "त्यांच्या केसेस चालवायला कोर्ट, पोलीस, सरकारी वकील. तो खर्च तुम्हीच देताय, प्रभाकरराव. प्रत्येक पोरामागे देताय."

"हा मुद्दा आहे," ते म्हणाले. पैशात सांगितलं की त्यांना सगळं समजायचं.

"मला मात्र त्या आईबापांचं नवल वाटतं," अनघा म्हणाली. अनघा आमच्या सगळ्यांच्या मुलांची डॉक्टर. ओजसला पहिलं इंजेक्शन तिनेच दिलेलं. "माझ्याकडे येतात ना असे पालक. आम्हाला काही माहीतच नव्हतं म्हणतात. घरात पोरगं काय करतं हे माहीत नाही? मग इतकी वर्षं केलंत काय?"

"डॉलर मोजले," मृणाल म्हणाली. "दुसरं काय! आपल्यात नाही हो असं. आपली मुलं बघा. आता निरुताईंचा ओजसच घ्या. बाप गेला, तरी कसा मार्गाला लागला."

मृणालचं ते गोड बोलणं मला मुस्कटात मारल्यासारखं लागलं. मतदानाला फार दिवस उरले नव्हते आणि मला या तिघांची मतं हवी होती, त्यांची मनं मी कधीच सोडून दिली होती. मनात म्हटलं, बोला, काय वाटेल ते बोला, फक्त ग्रुपवर तो एक निरोप टाका.

तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडलं आणि ओजस धावत स्वयंपाकघरात शिरला. चहा उतू जात होता. करपल्याचा वास खाली जाळीपर्यंत पोचला होता, आणि वर बसलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही आला नव्हता. त्याने गॅस बंद केला. जुना टी-शर्ट, अनवाणी पाय, वाढलेली दाढी. मग तो वळला आणि सगळे त्याच्याकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं.

"अरे! ओजस!" चांदोरकर उठलेच. "तू ओहायोहून कधी आलास?"

मी त्याच्याकडे पाहिलं. 'काल रात्री' म्हणाला असता तरी भागलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता, मृणालने चिरोटा पुढे केला असता आणि संध्याकाळी निरोप गेला असता.

"मी ओहायोला कधी गेलोच नाही, काका," तो म्हणाला. त्याचं मराठी इथल्या मुलांचं, सावकाश, पण शब्द स्वच्छ. "मी खालीच असतो. ते असली पोरं म्हणालात ना, त्यातला एक मी."

ओजसने उरलेला चहा गाळला. कपाटातून चांगले कप काढले, ट्रेमध्ये ठेवले आणि लहानपणी शिकवलं होतं तसा आधी वडील माणसांसमोर धरला. मृणालने कप घेतला आणि मांडीवर धरून ठेवला.

"किती होता रे?" अनघाने विचारलं. डॉक्टरचाच आवाज होता तो.

"टी-बॅग असते ना, तेवढा."

"आणि आता?"

"आता नाही, मावशी. आता खोकी भरतो."

अनघाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती उठेल, त्याच्या पाठीवर हात ठेवेल. या मुलाच्या तापात ती बर्फातून गाडी चालवत आली होती एकदा. तिने कप टीपॉयवर ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

"मला हॉस्पिटलला डोकवायचंय," ती म्हणाली आणि कोट घालायला लागली.

चांदोरकर सावरले. त्यांना सावरणं चांगलं जमतं. "निरुताई, तुमचा टॅक्सचा मुद्दा मात्र बिनतोड आहे हं. मी विचार करतो."

मृणाल दारापर्यंत जाऊन परत आली. "तेवढा डबा देता का? नंतर राहून जातो."

चिरोटे अजून कुणी खाल्ले नव्हते. मी ते ताटात काढले, डबा विसळला, आणि बरणीतली साखर चमचाभर त्यात घातली. तिने आत न बघता डबा पिशवीत टाकला. तीन कप भरलेले तसेच राहिले. ओजसने ते सिंकमध्ये ओतले आणि धुऊन पालथे घातले.

"का वर आलास?" मी विचारलं. रागावूनच विचारलं.

"चहा उतू जात होता, आई," तो म्हणाला.

संध्याकाळी ग्रुपवर निरोप आला. 'मंडळींनो, तज्ज्ञांशी सविस्तर चर्चा केली आहे. सर्वांनी हो असे मत द्यावे. प्रॉपर्टी टॅक्सच्या दृष्टीने हिताचे आहे.' खाली पस्तीसेक अंगठे. तज्ज्ञाचं नाव नव्हतं. मी ओजसला फोन दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "छान. जिंकलीस तू."

प्रश्न मंजूर झाला. आमच्या गावात तर भरघोस मतांनी झाला. निकाल कळल्यावर मी एकटीच गाडीत बसून रडले, आनंदाने की कशाने, ते मलाही सांगता येणार नाही.

फेब्रुवारी आला. मी जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवलं. कुणी आलं नाही. म्हणजे माणसं आली, पण कागद घेऊन नाही. गेल्या वर्षीचे राहिलेले डबे न्यायला आली. "या वर्षी ऑनलाइनच भरलं हो," "ह्यांच्या ऑफिसातला एक जण करून देतो हो." दारातच बोलायची, आत डोकवायची, बेसमेंटच्या दाराकडे बघायची. प्रत्येक डब्यात मी काही ना काही घातलं. मार्चअखेर फ्रीझरमध्ये बर्फाशिवाय काही नव्हतं.

ओजस मंडळाच्या गणपतीत दहा वर्षांचा असल्यापासून तबला वाजवायचा. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या गावचा मुलगा बोलावला. ओजसला कुणी नको म्हटलं नाही, फक्त फोन केला नाही. तबला-डग्गा दिवाणखान्यात गवसणीत तयार ठेवला होता. विसर्जन झालं तसा तो उचलून त्याने खाली नेऊन ठेवला.

नोंद पुसायला सरकारने दीड वर्ष घेतलं, पण पुसली. कोर्टाच्या संगणकात आता त्याचं नाव घातलं तर काही येत नाही. कॉलेज म्हणालं, जुने अभ्यासक्रम बदलले, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. मी म्हटलं कर, मी घर गहाण टाकते. तो म्हणाला, "आई, या गावात औषधं विकायला उभा राहिलो तर माझ्या हातून ती घेणार कोण?" तो पश्चिमेकडे गेला, यंत्रं दुरुस्त करायला शिकला. आता लोकांच्या घरातल्या हीटिंगच्या भट्ट्या दुरुस्त करतो. दर रविवारी फोन करतो. येत मात्र नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी दारावरची बेल वाजली. चांदोरकर होते, एकटेच. कुडता, त्यावर जाकीट, हातात तोच नाव कोरलेला डबा.

"काजूकतली. मृणालने स्वतः केलीय. म्हणाली, निरुताईंना नेऊन द्या, किती दिवसांत भेट नाही."

मी त्यांना बसवलं. ते त्याच सोफ्यावर बसले. हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली.

"आपला ओजस काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

आपला. मी म्हटलं, "बराय."

"हुशार पोरगा हो. मी मृणालला नेहमी सांगतो, त्या वयात कोण चुकत नाही? आम्ही नाही भांग घेतली?" ते पुढे सरकले. "निरुताई, तुमच्याइतकं हे कुणाला कळणार नाही म्हणून आलो. आपल्या गावात दुकानाचं लायसन्स निघतंय. एकच. अर्ज पुष्कळ आहेत. माझ्या हायवेवरच्या मोटेलाशेजारची जागा अगदी नेमकी आहे. पैसा उभा आहे. अडचण एकच. अशा धंद्यात, भरपाई म्हणून, ज्यांच्यावर पूर्वी गांजाची केस झाली होती, त्यांच्या अर्जाला प्राधान्य आहे. भागीदार तसा असला की अर्ज वर जातो."

त्यांनी टीपॉयवरचा डबा माझ्याकडे सरकवला.

"तर आपला ओजस असताना बाहेर कशाला शोधायचं? नुसतं नाव. टक्का देऊ त्याला. दुकानात यायचीसुद्धा गरज नाही. किंबहुना…"

"किंबहुना नाहीच आलेला बरा," मी म्हटलं.

"तसं नाही हो. पण तुम्हाला लोक माहीतच आहेत." ते हसले. "आणि हिशेब सगळे तुमच्याकडे. या वेळी फी घ्यायची, डबा नाही चालायचा."

"त्याची नोंद पुसली गेली, प्रभाकरराव. तुम्हीच मत दिलंत."

"हो, हो. पण पूर्वी होती एवढं पुरतं. वकिलाला विचारून आलोय मी. कोर्टाचा जुना कागद असेल ना घरात कुठेतरी? तेवढा शोधा. फेकला नसलात म्हणजे मिळवली."

मी फोन काढला आणि ओजसला लावला. स्पीकरवर ठेवून टीपॉयवर, काजूकतलीच्या डब्याशेजारी ठेवला. तिकडे कुठलंसं यंत्र घरघरत होतं.

"ओजस, चांदोरकर काका आलेत. तुझ्याकडे काम आहे त्यांचं. धंद्यात भागीदार म्हणून त्यांना तुझी जुनी केस हवीय."

यंत्र बंद झालं. चांदोरकर फोनवर वाकून मोठ्यांदा म्हणाले, "दिवाळीच्या शुभेच्छा, बेटा!"

"आई," ओजस म्हणाला, "त्यांना सांग, मी ओहायोला आहे."

आणि त्याने फोन ठेवला.

चांदोरकरांनी जाकीट सारखं केलं. मग म्हणाले, "विचार करायला वेळ द्या त्याला. घाई नाही. म्हणजे महिनाअखेरीपर्यंत अर्ज द्यायचाय, पण तशी घाई नाही."

मी उठले. डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. काजूकतली ताटात काढली. वड्या सुबक होत्या, वर्खसुद्धा लावला होता. डबा घासला, धुतला, कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसला. साखरेची बरणी हाताशीच होती. मी डब्याला झाकण लावलं, बाहेर आले आणि डबा चांदोरकरांच्या हातात दिला.

त्यांनी तो घेतला. हलकेपणा हाताला लागला तसे ते थबकले आणि उगाच एकदा डबा हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही.